थोरली आणि धाकटी

ग्लोमा नदीच्या खोऱ्यात कुणाला रायफल घ्यायची झाली, की तो दुकानात नंतर जाई. आधी ओडवार ब्रेन्नाच्या तळघरात जाई. तिथे तो स्वतःच्या हाताने काडतुसं भरी: बाकावर पितळी कवचं रांगेत उभी असत, शेजारी बंदुकीच्या दारूचे डबे, बारीक वजनाचा तराजू, आणि शेगडीवर काळीकुट्ट कॉफी. आलेला माणूस पहिल्याच घोटाला विचारी, "ओडवार, मूस, लाल हरीण, रेनडिअर, आणि वेळ आलीच तर अस्वल, सगळ्यांना चालेल असं एकच काडतूस सांग." ओडवार घाई करत नसे. समोरच्याच्या खांद्याकडे बघे, पंजाकडे बघे, हनुवटी खाजवी. एवढा विचार करून उत्तर मात्र दर वेळी तेच येई: "तुझ्या मनात जे आहे ना, त्याच्याहून एक आकडा मोठं घे."

हा सल्ला त्याने स्वतःही जन्मभर पाळला होता. तरुणपणी त्याच्याकडे साडेसहा मिलिमीटरची रायफल होती, खोऱ्यातल्या निम्म्या घरांत असते तशी. तिच्या गोळीने जखमी झालेला एक मूस, म्हणजे उत्तरेतलं घोड्याएवढं हरीण, सीमा ओलांडून स्वीडनात गेला तो सापडलाच नाही. ओडवारने खापर काडतुसावर फोडलं. मग त्याहून मोठं तीस-शून्य-सहा आलं, मग तीनशे मॅग्नम, मग तीनशे अडतीस. नेम चुकला की काडतूस वाढे. शेवटच्या रायफलीला तो लाडाने 'थोरली' म्हणायचा. ती उडाली की पलीकडच्या डोंगरावरचे कावळे उठत, आणि तिच्या धक्क्याने शिकारीच्या मोसमात ओडवारच्या उजव्या खांद्यावर निळाजांभळा डाग पडलेला असे. तो डाग तो सदऱ्याची बटणं काढून सगळ्यांना दाखवायचा.

त्याची बायको आगोत मात्र शेवटपर्यंत साडेसहाच वापरत राहिली. ती 'धाकटी'. आगोतने पाडलेला मूस कधी दहा पावलांपुढे गेला नाही, आणि त्यावर ओडवार म्हणायचा, "तिला जागाच सोप्या मिळतात." आगोत हसून भाकरीवर तपकिरी चीज कापत राही. ती जाऊन चार वर्षं झाली होती. धाकटी तेव्हापासून तेल लावून कपाटात उभी होती.

आणि या उन्हाळ्यात, वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी, ओडवारने जाहीर केलं की आपण आता शेवटची रायफल घेणार, आणि ती तीनशे पंचाहत्तरची असणार.

"बाबा, ती आफ्रिकेत रानरेड्यांना मारायला वापरतात," टुरिड म्हणाली.

"मग मूसला पुरेल की!"

टुरिड ही त्याची एकुलती एक मुलगी. एरवी ती शाळेची बस चालवायची, आणि शिकारीच्या दिवसांत जखमी जनावरांचा माग काढायची. कुणाच्या गोळीने जनावर जखमी होऊन पळालं, की सगळ्या टोळीची शिकार जागच्या जागी थांबते. बंदुका रिकाम्या होतात, आणि टुरिड आपली राखाडी कुत्री टुस्सा लांब दोरीला बांधून रक्ताच्या थेंबांमागे निघते, ते जनावर सापडेपर्यंत. त्या वेळात कुणी विनोद करत नाही. ज्याची गोळी असते तो तर मान वर करत नाही.

जुलैत एकदा ती अंगणात बस धूत असताना स्टाइनार आला. स्टाइनार टोळीचा म्होरक्या, आणि ओडवारचा शाळेपासूनचा दोस्त. बसला एक फेरी मारून, टायरला उगाच लाथ घालून झाल्यावर तो बोलला.

"ओडवार आता तोफ आणतोय म्हणे."

"आणतोय."

"मी कशासाठी आलोय ते तुला कळलंय."

टुरिडने ब्रश बादलीत बुडवला. तिला कळलं होतं.

"गेल्या वर्षी एक जखमी जनावर, त्याच्या आदल्या वर्षी एक. दोन्ही त्याच्याच गोळीने. बाकीचे कुजबुजायला लागलेत. खरं तर मीच त्याला सांगायचं, पण माझं तोंड उघडत नाही गं. तेव्हा तो बंदूक घेऊन उभा राहू शकतो की नाही, ते तू ठरव."

"मीच का?"

"रक्तामागे तू जातेस. मी नाही जात."

"आणि मी नाही म्हणाले तर?"

"तर तो कॉफी उकळेल, जनावर सोलेल, जीपमध्ये बसेल. पुष्कळ म्हातारे करतात. त्यात काय कमीपणा आहे?"

"बाबा नाही करणार," टुरिड म्हणाली. "बाबा घरी बसेल, दार लावून घेईल, आणि बर्फ वितळायच्या आत आपण त्याला आईशेजारी ठेवून आलेलो असू."

स्टाइनारने टोपी काढली, आतून पुसली, परत घातली. "म्हणून तर तुझ्याकडे आलोय," तो म्हणाला, आणि कॉफी न घेताच निघून गेला.

टुरिडचं पुढे बस धुण्यात लक्ष लागलं नाही. गेल्या वर्षीच्या मूस-मादीचं काय झालं होतं, ते तिने कुणालाच धड सांगितलं नव्हतं. सापडली, मेली, एवढंच. बापाला तर तिने सरळ थाप मारली होती की मादी थोडी पुढे जाऊन पडली होती. बापाचा चेहरा बघून तिला दुसरं काही बोलवलंच नाही. आता ती थाप तिच्याच गळ्याशी आली होती.

ऑगस्टच्या एका दुपारी ती ओडवारला आणि थोरलीला घेऊन गावाच्या नेमबाजीच्या मैदानावर गेली. तिथे दुसरं कुणी नव्हतं. ओडवार चटईवर बसला, दस्ता खांद्याला लावला, आणि काडतुसांच्या डबीकडे हात नेला, तेवढ्यात टुरिडने डबी उचलली.

"बाबा, आज मी भरते."

ही युक्ती मुळात ओडवारचीच. नवशिक्या माणसाला तो स्वतः बंदूक भरून देई, कधी खरं काडतूस, कधी पोकळ, म्हणजे दारू नाही आणि बुडाला पेटवायची टोपीही नाही. कोणतं घातलंय ते सांगायचं नाही. पोकळ असलं की बार होत नाही, धक्का बसत नाही, आणि मग बंदुकीची नळी जी काही हलेल ती फक्त माणसाने हलवलेली असते. धक्क्याच्या भीतीने चाप ओढायच्या आधीच अंग दचकतं, हे माणसाला सांगून पटत नाही, दाखवावं लागतं. ओडवारने खोऱ्यातल्या निम्म्या लोकांना असं दाखवलं होतं. टुरिडला तिच्या चौदाव्या वर्षी दाखवलं होतं. त्याला स्वतःला दाखवायची कुणाची टाप नव्हती.

दुसरा कुणी असता तर चिडला असता. ओडवार हसला. "माझीच विद्या मलाच शिकवतेस होय?"

"बघू तरी."

"भर. पोकळ कोणतं ते मला नुसत्या वासावरून कळेल."

पहिलं खरं होतं. थोरली गरजली, ओडवारचा खांदा मागे गेला, धुरळा उडाला. दुसरंही खरं. तिसरं टुरिडने पोकळ घातलं.

नुसता टक् आवाज झाला. त्या शांततेत थोरलीची नळी खाली आणि डावीकडे अशी गेली की समोर मूस असता तर गोळी नेमापासून हातभर सरकून लागली असती. ओडवारचे दोन्ही डोळे गच्च मिटलेले होते. ते मिटलेत हेही त्याला थोड्या वेळाने कळलं असावं.

"पुन्हा," तो म्हणाला.

तिने पुन्हा पोकळच घातलं. पुन्हा तेच.

"पुन्हा."

या वेळी पोकळच येणार हे त्यालाही ठाऊक असणार. तरी नळी हललीच. टुरिडला आता बघवेना. "बस कर, बाबा," ती म्हणाली.

ओडवार उठून मागच्या बाकावर जाऊन बसला. बराच वेळ तो आपल्या उजव्या हाताकडे बघत होता, जसा काही तो हात शेजाऱ्याचा होता आणि चुकून याच्याकडे राहिला होता.

"कधीपासून होतंय हे?" त्याने विचारलं.

"मला काय माहीत? तीनशे मॅग्नमपासून असेल. त्याच्याही आधीपासून असेल."

"मला वाटायचं, गोळी हलकी पडते."

टुरिड त्याच्या शेजारी बसली. आज नाही सांगितलं तर पुन्हा कधीच सांगवणार नाही, हे तिला कळत होतं. "गेल्या वर्षीची मादी, बाबा. मी सांगितलं होतं, थोडी पुढे जाऊन पडली होती."

"हो."

"खोटं होतं ते. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सापडली. दलदलीतल्या तळ्यात उभी होती, गुडघाभर पाण्यात. खालचा जबडा तुटून लोंबत होता. तहानलेली होती, बाबा. पाण्यात उभी होती आणि तिला पिता येत नव्हतं. मी मारलं तिला."

ओडवार हळू आवाजात म्हणाला, "तिचं तोंड डावीकडे होतं. खाली घालून चरत होती. मी नेम खांद्यामागे धरला होता."

"नेम बरोबरच असेल. बंदूक हलली."

घरी पोचल्यावर दारात उतरताना ओडवार थांबला. "मला तेव्हाच सांगायचं होतंस. यापुढे मला असं खोटं सांगू नकोस," तो म्हणाला आणि आत गेला. टुरिड स्टिअरिंगवर डोकं टेकून तिथेच रडली.

पुढचा आठवडाभर त्याने फोन उचलला नाही. ती दारात सूप ठेवून यायची, दुसऱ्या दिवशी भांडं धुतलेलं असायचं, एवढाच काय तो निरोप. आणि मग एका रविवारी ओडवार स्वतःच तिच्या अंगणात उभा. खांद्याला आगोतची धाकटी, हातात साडेसहाच्या काडतुसांची डबी.

"चल," तो म्हणाला. "तू भर."

तेव्हापासून रोज संध्याकाळी दोघं मैदानावर जाऊ लागले. धाकटीचा धक्का तो काय, खांद्यावर कुणी थाप मारावी तेवढा. पण ओडवारच्या अंगाला ते पटायला तयार नव्हतं. पोकळ काडतूस आलं की नळी थोडी तरी खाली जायचीच, डोळे मिटायचेच. तो शिव्या घालायचा, स्वतःला, थोरलीला, बंदूक करणाऱ्यांना, एकदा तर आगोतलाही, की तिने मला सांगितलं का नाही.

"तिने सांगितलं असेल, बाबा. तू ऐकलं नसशील," टुरिड म्हणाली.

"हं. हेही खरंच," ओडवार म्हणाला.

रानात लाल लिंगनबेरी पिकली, भूर्जाची पानं पिवळी पडायला लागली, आणि नळी हलायची कमी कमी होत गेली. तीनशे पंचाहत्तरच्या दुकानदाराला त्याने फोन करून नको म्हणून कळवलं. एक दिवस टुरिड तळघरात कवचं पुसत असताना कुणी तरी तो नेहमीचाच प्रश्न घेऊन आला: सगळ्यांना चालेल असं एकच काडतूस कोणतं? ओडवारने ना खांदा बघितला ना पंजा.

"जे उडवताना तुझे डोळे उघडे राहतील ते," तो म्हणाला.

"म्हणजे कितीचं?"

"मला काय माहीत? डोळे तुझे आहेत." तो माणूस कॉफी अर्धी टाकून गेला. बाहेर जाऊन त्याने नक्की सांगितलं असणार की म्हातारा कामातून गेला.

मोसमाच्या आधीच्या संध्याकाळी धाकटीची नळी एकदाही हलली नाही. टुरिडने सगळं करून पाहिलं, दोन खरी, एक पोकळ, मग लागोपाठ तीन पोकळ. नळी दगडावर ठेवल्यासारखी राहिली. तिला इतका आनंद झाला की तिने बापाला मिठीच मारली. "झालं, बाबा!"

ओडवारने तिला अलगद दूर केलं. "कागदी निशाण आहे ते, टुरिड. त्याला जीव नाही. समोर मूस येऊन उभा राहिला की छातीत जे सुरू होतं, ते इथे होतच नाही. तिथे हलली तर?"

स्टाइनारने फोन केला तेव्हा ती एवढंच म्हणाली, "पहिल्या दिवशी मी त्याच्याजवळ उभी राहते. माग काढायची वेळ आली तर टुस्सा गाडीत आहेच. मग सांगते तुला."

पहाटे शेवाळावर दहिवर गोठलं होतं. दलदलीच्या कडेला, एका पडलेल्या एल्डर झाडाच्या मागे दोघं जाऊन बसले. समोर मोकळं गवत, पलीकडे स्प्रूस झाडांचं काळं रान. उजाडल्यावर स्टाइनारने वायरलेसवर सगळ्यांना बंदुका भरायला सांगितलं. ओडवारने धाकटीचा खटका मागे ओढला, आणि इतक्या आठवड्यांच्या सवयीने बंदूक लेकीपुढे धरली.

"तू भर."

त्याची नजर समोरच्या रानावर होती. आज पारखायचं काही नाही, आज सगळी काडतुसं खरीच, अशा समजुतीत तो होता. टुरिडच्या उजव्या खिशात खरी होती. डाव्या खिशात कालचं एक पोकळ राहिलेलं होतं. राहिलं कसलं, तिनेच ते रात्री घरी काढून ठेवलं नव्हतं. यापुढे असं खोटं सांगू नकोस, हे त्याचे शब्द तिच्या कानात होते. पण दुसरा मार्ग तिला दिसत नव्हता. खरं काडतूस घालून हात हलला, तर ते पुन्हा एखादं जनावर भोगणार होतं. आणि त्याला घरीच बसवलं, तर ते तो स्वतः भोगणार होता. तिने डाव्या खिशात हात घातला. हातमोज्यातल्या बोटांनी तिने ते पोकळ काडतूस नळीत सरकवलं आणि खटका लावला. आयुष्यात इतकी भीती तिला कधी वाटली नव्हती.

लांबवर टोळीतला टोर्गाइर आपला कुत्रा घेऊन फिरत होता. बराच वेळ काहीच नाही. मग कुत्र्याचं भुंकणं ऐकू आलं, जवळ आलं, आणि रानाच्या कडेची झुडपं हलली. एक तरुण नर बाहेर आला. उंच, काळपट, पायांत चिखल. मोकळ्या गवतात येऊन तो आडवा उभा राहिला आणि कुत्र्याच्या दिशेने कान वळवून ऐकू लागला. त्याच्या नाकातून वाफ येत होती.

ओडवारने धाकटी खांद्याला लावली. त्याचा श्वास टुरिडला ऐकू येत होता, जलद, आणि मग मुद्दाम सावकाश केलेला. तिने मूसकडे बघितलंच नाही. ती नळीच्या टोकाकडे बघत होती. हलू नकोस, हलू नकोस, असं ती मनातल्या मनात म्हणत होती, आणि कुणाला म्हणत होती ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

टक्.

नळी हलली नाही. टोकावर बसलेलं दहिवरसुद्धा झडलं नाही. ओडवारचा उजवा डोळा उघडा होता, आणि चाप ओढून झाल्यावरही तो तसाच रोखून बघत होता.

मूसने मान वळवली, दोघांच्या दिशेने थोडा वेळ पाहिलं, आणि घाई न करता पलीकडच्या स्प्रूसांत निघून गेला.

ओडवारने खटका मागे ओढला. काडतूस त्याच्या तळहातावर पडलं. त्याने ते उलटं करून बूड पाहिलं. तिथे टोपीच्या जागी रिकामं भोक होतं. टुरिडने मान खाली घातली. तो ओरडेल, उठून चालायला लागेल, पुन्हा आठवडाभर दार उघडणार नाही, सगळ्याची तिने तयारी केली होती.

"हलली का?" ओडवारने विचारलं.

"काय?"

"नळी गं. हलली का? खरं सांग."

"नाही, बाबा. जरासुद्धा नाही."

त्याने ते पोकळ काडतूस मुठीत धरलं. मूठ छातीशी नेली. त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि दाढीत उतरलं, आणि त्याने ते पुसायचा प्रयत्नही केला नाही.

"बाबा, मी खोटं..."

"एवढं एक चाललं," तो म्हणाला.

वायरलेस खरखरला. "ओडवार!" स्टाइनारचा आवाज. "टोर्गाइर म्हणतो नर थेट तुझ्या अंगावर आला. बार का नाही ऐकू आला?"

टुरिडने वायरलेस उचलला, पण ओडवारने तिच्या मनगटावर हात ठेवला आणि तो आपल्याकडे घेतला.

"आला होता. चाप ओढला. काडतूस पेटलं नाही."

वायरलेसवर टोर्गाइरचं हसू फुटलं. "कुणाचं काडतूस? ओडवार ब्रेन्नाचं? अरे देवा! मंडळी, उद्यापासून आपापली काडतुसं दुकानातून आणा!" दुसरा कुणी तरी म्हणाला, "त्याने त्यात दारूऐवजी कॉफी भरली असणार." हसण्याची लाट एका जागेवरून दुसऱ्या जागेवर गेली. सबंध हिवाळा आता हेच चालणार होतं, प्रत्येक लग्नात, प्रत्येक बारशात. चाळीस वर्षांत ओडवारने भरलेलं एकही काडतूस न पेटता राहिलं नव्हतं, आणि त्याला त्याचा किती गर्व होता हे टुरिडइतकं कुणालाच माहीत नव्हतं.

"मी सांगते त्यांना," ती कुजबुजली.

"हसू दे," ओडवार म्हणाला. "हसू दे त्यांना."

हसणं ओसरल्यावर स्टाइनार पुन्हा बोलला. या वेळी त्याचा आवाज खालचा होता. "टुरिड, ऐकतेस का?"

"ऐकतेय."

"मग?"

तिने बापाकडे पाहिलं. तो दुसरीकडे बघत होता, पण श्वास त्याने धरून ठेवला होता. या एका शब्दाच्या प्रश्नात काय आहे ते त्याला ठाऊक होतं. बहुधा जुलैपासूनच ठाऊक असावं.

"बाबा उद्या इथेच उभा राहील," टुरिड म्हणाली. "आजही राहील. अजून दिवस आहे."

"बरं," स्टाइनार म्हणाला. थोड्या वेळाने पुन्हा, "बरं झालं."

टुरिडने उजव्या खिशातलं काडतूस काढलं, बूड वर करून त्याला टोपी दाखवली, आणि त्याच्याच हातात दिलं. ओडवारने ते स्वतः भरलं. मग त्याने धाकटी एल्डरला टेकवून ठेवली आणि कॉफीसाठी कप पुढे केला. त्याचे हात आता थरथरत होते, दोन्ही, मनगटापर्यंत, आणि ते लपवायची त्याला गरज वाटत नव्हती.

तिने कप अर्धाच भरला.